प्लॉटस वऱ्हाडात कसा पोचला

शेगावहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले गाव लागते. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना या पट्ट्याचे नाव सहसा निघत नाही. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई एवढ्यातच बहुतेकांचा नकाशा आटोपतो. पण 'महाराष्ट्रगीत' लिहिणारे आणि 'सुदाम्याचे पोहे'मुळे मराठी विनोदाचे प्रवर्तक ठरलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांची वकिली अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद या वऱ्हाडातल्याच गावांत झाली. गोपाळ गणेश आगरकरांचे काही शालेय शिक्षण अकोल्यात झाले. शेक्सपिअरचे 'सिंबेलिन' १८७९ साली 'तारा' या नावाने मराठीत आणणारे विष्णु मोरेश्वर महाजनी हेही अकोल्याच्या शाळेतले शिक्षक. ही माणसे नाटकाकडे वळली तेव्हा त्यांच्यापुढे शेक्सपिअर होता, मोलिएर होता. त्या दोघांच्या मागे उभे असलेले रोमन नाटककार मात्र मराठी वाचकाला फारसे दिसले नाहीत. प्लॉटस, टेरेन्स आणि सेनेका ही त्यांची नावे. हे तिघे मराठीत आले कसे, येताना त्यांचे काय टिकले आणि काय गळाले, हे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. रोमन नाटकाचा खरा वारसा त्याच्या कथांपेक्षाही त्याच्या रीतीत आहे. दुसऱ्याचे नाटक घेऊन ते आपल्या घरचे करण्याची ती रीत होय. मराठी रंगभूमीने ती पूर्णपणे आत्मसात केली. मात्र तिचा अभिमान बाळगायचे आपल्याकडून राहून गेले.

रोमन नाटकाची सुरुवातच रूपांतराने झाली. इ.स.पू. २४० मध्ये रोमच्या उत्सवात लिव्हियस अँड्रोनिकस याने ग्रीक नाटक लॅटिनमध्ये करून दाखवले, तिथून लॅटिन रंगभूमीचा इतिहास मोजतात. हा लिव्हियस मूळचा दक्षिण इटलीतल्या ग्रीक वस्तीतला. त्याच्यानंतरचा प्लॉटस अंब्रिया प्रांतातल्या सार्सिना या गावचा, तर टेरेन्स आफ्रिकेतून गुलाम म्हणून रोमला आणलेला आणि पुढे मालकाने मुक्त केलेला. लॅटिन नाटक घडवणाऱ्या या पहिल्या पिढ्यांत रोम शहरात जन्मलेली माणसे शोधावी लागतात. प्लॉटसची वीस नाटके आज जवळजवळ पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत आणि टेरेन्सची सहा. या सगळ्यांमागे मेनँडर व त्याच्या काळातल्या ग्रीक विनोदी नाटककारांच्या कृती आहेत. पात्रांचे कपडे ग्रीक, गावे ग्रीक, नाणी ग्रीक; पण बोलणे, थट्टा, कायदेकज्जे आणि सणवार रोमचे. तेव्हा रोममध्ये कायमचे दगडी नाट्यगृह नव्हते. ते पाँपेने इ.स.पू. ५५ मध्ये बांधले. त्याआधी उत्सवापुरता लाकडी मंच उभारायचा, खेळ करायचा आणि मंच मोडायचा. मागे दोन-तीन घरांची दारे, पुढे रस्ता, आणि सगळी भानगड त्या रस्त्यावर. उत्सवाला जमलेली, कंटाळली तर उठून जाणारी माणसे धरून ठेवायची होती. म्हणून हे नाटक वेगवान झाले, प्रेक्षकांशी थेट बोलणारे झाले आणि चतुर नोकराच्या खांद्यावर उभे राहिले.

आता एकाच कथेचा माग घेऊ. प्लॉटसच्या 'मेनेक्मी' नाटकात लहानपणी ताटातूट झालेले जुळे भाऊ आहेत. एक भाऊ दुसऱ्याला शोधत परक्या गावात येतो आणि सगळे गाव त्याला ओळखीचा समजून वागवते. एकाची बायको दुसऱ्याला जाब विचारते, एकाने दिलेली सोन्याची बांगडी दुसऱ्याच्या हाती पडते, आणि शेवटी शहाण्या माणसाला वेडा ठरवून बांधून नेण्याची वेळ येते. मध्ययुगात प्लॉटसची बरीच नाटके नजरेआड गेली होती. त्यातली बारा नाटके असलेले हस्तलिखित १४२९ मध्ये इटलीत पोचले, आणि १४८६ मध्ये फेराराच्या दरबारात 'मेनेक्मी'चा इटालियन प्रयोग झाला. १५९४ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये शेक्सपिअरचे 'कॉमेडी ऑफ एरर्स' झाले. त्याने जुळ्या मालकांना जुळे नोकर जोडले, आणि ही कल्पना प्लॉटसच्याच 'अँफिट्रुओ' नाटकातून उचलली. तिथे देव मालकाचे आणि नोकराचे हुबेहूब रूप घेऊन त्यांच्या घरात शिरतात. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शेक्सपिअरचे हे नाटक १८६९ मध्ये 'भ्रांतिविलास' म्हणून बंगालीत आणले. १८७८ मध्ये ते मराठीत 'भ्रांतिकृत चमत्कार' झाले. पुढे १९६३ चा बंगाली चित्रपट 'भ्रांतिबिलास', १९६८ चा हिंदी 'दो दूनी चार', आणि १९८२ मध्ये गुलजारांचा 'अंगूर'. संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांच्या दुहेरी भूमिकांवर दूरदर्शनसमोर बसून हसलेली मराठी घरे प्लॉटसच्या नाटकाला हसत होती.

या साखळीतला एक तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. परक्या गावात अनोळखी माणसे नावाने हाक मारतात, तरी पाहुण्या भावाला 'इथे माझा जुळा भाऊ राहत असेल' असे का सुचत नाही? तो तर त्यालाच शोधायला निघालेला असतो. कथेतली ही कच्ची जागा आहे आणि प्रत्येक नाटककाराला ती बुजवावी लागते. प्लॉटसच्या नाटकात नोकर आधीच सांगून ठेवतो की हे गाव ठकांचे आहे. त्यामुळे ओळख दाखवणारा प्रत्येक जण पाहुण्याला लुबाडायला आलेला वाटतो. शेक्सपिअरने ठकांच्या जोडीला जादूटोणा आणला, कारण त्याचे गाव चेटुकासाठी प्रसिद्ध असलेले एफेसस. गुलजारांनी पाहुण्या भावाला रहस्यकथांचा शौकीन केले. त्याला जिकडेतिकडे आपल्या पैशांवर टपलेली टोळी दिसते. एकच गरज, पण तीन काळांनी दिलेली तीन उत्तरे, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या प्रेक्षकाच्या मनातल्या भीतीतून काढलेले. बांगडीचेही तसेच झाले. शेक्सपिअरकडे ती सोनसाखळी झाली आणि 'अंगूर'मध्ये हार, पण वस्तू चुकीच्या भावाच्या हाती पडणे कायम राहिले. चांगले रूपांतर असे सांध्यांच्या ठिकाणी ओळखू येते. नुसती नावे बदलणारा माणूस सांधा उघडा टाकतो. जाणता रूपांतरकार तिथे आपल्या लोकांची समजूत आणून बसवतो.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. जुळी भावंडे, वेषांतर, खुणेच्या वस्तूवरून पटलेली ओळख हे सगळे माणसाच्या कल्पनेत सर्वत्रच आढळते. त्यासाठी रोमपर्यंत जायचे कशाला? शकुंतलेची अंगठी आपल्याकडे आहे, इंद्राने गौतमाचे रूप घेतल्याची कथा आहे, 'मृच्छकटिका'त गणिका, गरीब प्रियकर आणि राजाचा उद्दाम मेहुणा आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि उलट बाजूने झालेली चूकही लक्षात ठेवायला हवी. एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय विद्वानांनी अशाच साम्यांवरून संस्कृत नाटक ग्रीकांकडून आले असे मांडले होते. सिल्व्हाँ लेव्ही यांनी १८९० मध्ये भारतीय रंगभूमीवरच्या आपल्या ग्रंथात ते मत खोडून काढले. साम्य म्हणजे वारसा नव्हे, हा त्या वादाचा धडा आहे. म्हणून वारसा सांगायचा तर सर्वसाधारण सारखेपणा पुरत नाही. योगायोगाने दोन ठिकाणी उगवणार नाही असा चमत्कारिक तपशील दाखवावा लागतो. तमाशातला सोंगाड्या आणि प्लॉटसचा चतुर गुलाम एकमेकांसारखे आहेत, मालकाला दोघेही तोंडावर टोचतात, पण त्यांना जोडणारा दुवा कोणी दाखवलेला नाही. त्यांना नातलग म्हणणे उचित नाही. 'अंगूर'ची गोष्ट निराळी. तिथे ताटातूट, चुकीच्या हाती गेलेला दागिना, वेडा ठरलेला शहाणा अशी कड्यांना कडी लागत जाते.

अशी पक्की खूण मराठीत आणखी एका ठिकाणी सापडते. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचे 'त्राटिका' हे शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे रूपांतर. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले. मूळ इंग्रजी नाटकात धाकट्या बहिणीच्या प्रेमाचे जे उपकथानक आहे त्यात नोकर मालकाचे कपडे घालून मालक बनतो आणि मालक शिक्षकाच्या वेषात मुलीच्या घरात शिरतो. हे शेक्सपिअरने 'सपोझेस' या इंग्रजी नाटकावरून घेतले. ते आरिओस्तोच्या १५०९ च्या इटालियन नाटकावरून आले होते, आणि आरिओस्तोने प्लॉटसचे 'कॅप्टिव्ही' व टेरेन्सचे 'युनुकस' समोर ठेवून आपले नाटक रचले होते. शेक्सपिअरच्या या नाटकातल्या दोन नोकरांची नावे आहेत ट्रानिओ आणि ग्रुमिओ. प्लॉटसच्या 'मोस्टेलारिया' या झपाटलेल्या घराच्या नाटकातल्या दोन गुलामांची नावे हीच आहेत. इथे योगायोगाला जागा उरत नाही. त्या काळच्या प्रेक्षकांनाही हे नाते कळत होते. 'ट्वेल्फ्थ नाइट' पाहून आलेल्या जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याने १६०२ मध्ये आपल्या रोजनिशीत त्याची तुलना 'मेनेक्मी'शी केली. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनिअस नटांची वाखाणणी करतो तेव्हा तोही सेनेका आणि प्लॉटस यांचीच नावे घेतो.

सेनेकाचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. सम्राट नीरोचा हा गुरू इ.स. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमावरून मेला. त्याच्या शोकांतिकांत सूड, रक्तपात आणि भुते आहेत. 'थिएस्टीस'ची सुरुवात एका पूर्वजाच्या भुताने होते आणि शेवटी भाऊ भावाला त्याचीच मुले शिजवून वाढतो. १५८१ मध्ये सेनेकाच्या नावावरच्या दहा शोकांतिकांचा इंग्रजी संग्रह छापला गेला आणि इंग्लंडात सूडनाट्याची लाट उसळली. 'हॅम्लेट' त्या लाटेतून वर आले, पण त्याने सेनेकाची वृत्ती उलटी केली: भूत सूड मागते आणि नायक थांबून विचार करतो. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' नावाने ते मराठीत आणले. विवेकाने जगावे असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला हेच नाटक निवडावेसे वाटले, यात मला संगती दिसते. भावनेचा झंझावात आणि बुद्धीची टोचणी यांचे भांडण त्यात आहे, आणि तत्त्वज्ञ म्हणून क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या सेनेकाचीही हीच चिंता होती.

फ्रान्सकडून आलेली वाट विनोदाची आहे. प्लॉटसच्या 'आउलुलारिया'त युक्लिओ नावाच्या गरीब म्हाताऱ्याला घरात पुरलेला सोन्याचा हंडा सापडतो आणि त्याची झोप उडते. हंडा चोरीला गेल्यावर तो प्रेक्षकांकडेच वळून चोर कुठे आहे म्हणून विचारतो. या नाटकाचा शेवट काळाच्या ओघात हरवला. म्हाताऱ्याने अखेर हंडा जावयाला देऊन टाकला आणि शांत झाला एवढे जुन्या सारांशावरून समजते. मोलिएरने १६६८ मध्ये यावरून 'लाव्हार' लिहिले. त्याचा आर्पागाँ मुळात श्रीमंत आहे, व्याजबट्टा करणारा आहे, आणि त्याची पेटी बागेत पुरलेली आहे. प्रेक्षकांत चोर शोधणारे स्वगत मोलिएरने ठेवले, पण शांत होणारा म्हातारा ठेवला नाही. त्याचा कंजूष शेवटी पेटीकडेच धावतो. प्लॉटसला पैशाची भीती दाखवायची होती, मोलिएरला पैशाचे व्यसन. आचार्य अत्र्यांनी या नाटकाचे 'कवडीचुंबक' केले आणि कंजूषपणाची ही लॅटिन कथा मराठी व्यवहारात आणून ठेवली. टेरेन्सच्या 'फॉर्मिओ'वरून मोलिएरने 'स्कापँ' रचले, आणि दोन भाऊ दोन रीतींनी मुले वाढवतात त्या 'अडेल्फी'वरून नवऱ्यांची शाळा दाखवणारे नाटक. हरि नारायण आपट्यांनी मोलिएरचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' केले. नाटककार देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' लिहिले आणि ते १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' होऊन रंगभूमीवर आले. त्यामागे मर्फी या नाटककाराच्या इंग्रजी नाटकाआडून मोलिएरच उभा आहे. फाल्गुनरावाचे मूळ प्लॉटसमध्ये दाखवता येणार नाही, पण एका वस्तूवरून चुकीचा अर्थ, त्या अर्थावरून दुसरा, असा गैरसमजाचा जो मनोरा तिथे चढतो त्याची बांधणी मोलिएरच्या हाती आली ती याच परंपरेतून.

कोल्हटकर या सगळ्यात वेगळे पडतात. त्यांनी बहुतांशी रूपांतरे न करता स्वतंत्र कथानके रचली, पण शेक्सपिअर आणि मोलिएर यांच्याकडून गुंतागुंतीचे रचनातंत्र घेतले. 'वीरतनय' १८९६ मध्ये आले, 'मूकनायक' १९०१ मध्ये. नायकाने मुकेपणाचे सोंग घेणे, वेषांतर, लपवलेली ओळख, शेवटी सगळ्या गाठी एकदम सुटणे ही साधने त्यांनी पौराणिक कथांना सरावलेल्या मराठी प्रेक्षकांपुढे ठेवली. ही साधने मुळात कुणाच्या कारखान्यात घडली हे सांगायला प्लॉटस आणि टेरेन्स यांच्याकडेच जावे लागते. शिवाय पुण्या-मुंबईपासून दूर, कापसाच्या मुलखातल्या कोर्टात वकिली करणारा माणूस मराठी नाटकाला नवे वळण देतो, ही घटना सार्सिनाच्या प्लॉटसशी जुळणारी आहे. भाषेच्या राजधानीबाहेर वाढलेल्या कानाला भाषेतल्या गमती अधिक ऐकू येतात, असे या दोन्ही उदाहरणांवरून मला वाटते.

इथेच मराठी रंगभूमीने नकळत केलेले एक काम सांगायला हवे. प्लॉटसचे नाटक मुख्यतः संगीत होते. त्याच्या ओळींपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग जोडपाव्याच्या साथीने म्हटला किंवा गायला जाई. इंग्लंड-फ्रान्सकडे या कथा गेल्या तेव्हा तो सूर बहुतेक गळून पडला. त्या बोलक्या झाल्या. मराठीत 'फाल्गुनराव'चे 'संशयकल्लोळ' झाले तेव्हा गैरसमजाच्या विनोदाला पुन्हा पदे मिळाली. कोल्हटकरांची नाटकेही पदांनी भरलेली होती. देवलांनी किंवा कोल्हटकरांनी रोमचा विचार करून हे केले नाही. आपल्या प्रेक्षकाला गाणे हवे म्हणून केले. प्लॉटसनेही त्याच कारणाने गाणे घातले होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे सगळे इंग्रजी अमलात शाळांतून आलेले साहित्य. राज्यकर्त्यांची पुस्तके वाचून त्यांची नक्कल केली, त्यात गौरव कसला? परावलंबनाचा हा आरोप टेरेन्सलाही ऐकावा लागला होता. दोन ग्रीक नाटके मिसळून एक करतो, जुनी पात्रे चोरतो, असे त्याचा विरोधक म्हणे, आणि टेरेन्सने आपल्या नाटकांच्या प्रास्ताविकांतून त्याला उत्तर दिले: धावता नोकर, लोभी दलाल, बढाईखोर शिपाई ही पात्रे कुणा एकाची मालमत्ता नाहीत, आधी कुणीच न बोललेले असे काही उरलेले नाही. शेजारच्या चुलीतला विस्तव आणून पेटवलेल्या चुलीवर स्वयंपाक आपलाच होतो. राज्यकर्ते-प्रजा हा फरक मात्र दृष्टीआड करता येत नाही. रोमन लोक ग्रीकांना जिंकत असताना त्यांची नाटके घेत होते. मराठी लेखक जिंकले गेल्यानंतर घेत होते. तरीही त्यांनी काय घेतले ते पाहावे. शेक्सपिअर स्वतः लॅटिनचा ऋणी, मोलिएर लॅटिनचा ऋणी, लॅटिन ग्रीकांची ऋणी. त्या रांगेत मालक कुणीच नाही, सगळे घेणारेच आहेत. देवल आणि अत्रे त्या रांगेत बरोबरीने उभे राहिले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळता येत नाही. या नाटकांच्या विनोदाखाली गुलामगिरी आहे. मार खाणारा गुलाम, विकत घेतलेली मुलगी, 'युनुकस'मधला बलात्कार आणि त्याचे लग्नात केलेले सोयीस्कर मिटवणे, हे सगळे तिथे आहे. 'त्राटिके'तही मानी स्त्रीला वठणीवर आणण्याचा आनंद आहे, आणि आजच्या प्रेक्षकाने तो निमूट स्वीकारू नये. पण म्हणून ही नाटके बाजूला ठेवावीत असे मला वाटत नाही. टेरेन्स स्वतः विकला गेलेला माणूस होता, आणि मंचावर सर्वात हुशार माणूस गुलामच असतो ही गोष्ट त्या समाजाने स्वतःबद्दल दिलेली साक्ष आहे. रूपांतराचा अर्थच असा की मागच्या काळाने सोडून दिलेला प्रश्न पुढच्या काळाने विचारावा. 'अंगूर'मध्ये गुलाम उरला नाही, सोबत वाढलेला नोकर आला. पुढच्या रूपांतरकाराने त्या नोकराचा पगार आणि राग दोन्ही मंचावर आणावेत.

म्हणून पुढचे पाऊल उघड आहे. आजवर प्लॉटस आणि टेरेन्स आपल्याकडे इंग्रजी-फ्रेंच वळणे घेऊन आले. 'मोस्टेलारिया', 'सुडोलस', 'आउलुलारिया', 'अडेल्फी' ही नाटके सरळ मराठीत यावीत, आणि केवळ अभ्यासापुरती प्रमाणभाषेत येऊन थांबू नयेत. प्लॉटसची लॅटिन रस्त्यावरची आहे, शिव्या, कोट्या आणि नव्याने घडवलेले शब्द यांनी खचाखच भरलेली. वऱ्हाडीचा टोमणा आणि हेल तिला साजेल. 'आउलुलारिया'चा हरवलेला शेवट तर प्रत्येक लेखकासाठी मोकळी जागा आहे: सापडलेल्या हंड्याचे काय करायचे हे कर्ज, हुंडा आणि जमिनीचे तुकडे पाहिलेला संग्रामपूर-जळगाव जामोद भागातला लेखक रोमपेक्षा निराळे सांगेल. रस्त्यावर उघडणारी दोन-तीन दारे एवढेच नेपथ्य लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनातही ते उभे राहील. कोल्हटकरांना जी साधने दुसऱ्या-तिसऱ्या हातून मिळाली ती त्यांच्याच मुलखातल्या मुलांना आज मुळातून मिळू शकतात. ती त्यांच्या हाती देणे हे मराठीच्या शिक्षकांचे, विद्यापीठांचे आणि नाट्यसंस्थांचे काम आहे, आणि ते आता व्हायला हवे.